साठ टक्के पोकळ

१६ डिसेंबर, सोमवार. सांगली

आले एकदाची! वाईहून सकाळची एसटी, साताऱ्याला बदल, आणि दुपारी दोनच्या आत सांगली. आईने तिघांना पुरेल एवढा डबा दिला होता. तो मी कऱ्हाडच्या आधीच संपवला, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

खोली विश्रामबागेत, सुहासिनीबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. उजेड भरपूर, नळाला पाणी सकाळी सव्वा तास. पहिल्याच चहाबरोबर बाईंनी विचारून घेतलं की मी नक्की करते काय. मी म्हटलं, धातूच्या भुकटीतून करंट सोडून तिचे तुकडे बनवते. त्या म्हणाल्या, बरं, आणि लग्न?

पुण्यात दोन वर्षं कंपनीच्या तक्त्यांत दुसऱ्यांच्या प्रयोगांचे आकडे भरले. इथे स्वतःच्या हाताने काहीतरी करायला मिळणार आहे. जानेवारीअखेर चोवीस नमुने द्यायचे आहेत. ते मी देणार. ही वहीसुद्धा त्यासाठीच घेतली आहे, पुढे माझं नाव झालं की उपयोगी पडेल.

१९ डिसेंबर, गुरुवार

एमआयडीसीच्या शेवटच्या गल्लीत पत्र्याचं एक शेड, एवढाच आमचा कारखाना. मालक चिंतामण सर. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही मशीन स्वतः जुळवली. सांगायला काम सोपं आहे. टायटॅनियमची पावडर ग्रॅफाइटच्या साच्यात भरायची, वरून-खालून दांड्यांनी दाबायची आणि त्याच दांड्यांमधून दोन-अडीच हजार अँपिअर सोडायचे. धातू वितळवायचा नाही. कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे तापून चिकटतात आणि पाच मिनिटांत बुचाएवढा तुकडा तयार. राजगिऱ्याच्या लाडवासारखं.

फक्त आमचा लाडू मुद्दाम पोकळ हवा. हे तुकडे पुढेमागे माणसाच्या झिजलेल्या हाडात बसवायचे आहेत, आणि छिद्रं असली तरच जिवंत हाड त्यांच्यात शिरून वाढतं. साठ टक्के पोकळ, चाळीस टक्के धातू. म्हणून पावडरीत दळलेलं मीठ मिसळायचं. तुकडा झाला की मीठ धुऊन काढायचं, त्याची जागा रिकामी राहते, तेच छिद्र. थोडक्यात, मला पगार भोकं पाडण्याचा आहे. हे आईला फोनवर सांगितलं, तिला आवडलं नाही.

मशीन चालवतात नाथाजीकाका. औंधजवळच्या गावचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त, साठीतही ताठ. आधी मशीनवर त्यांचे मोठे भाऊ आप्पासो होते, पार पहिल्या दिवसापासून. ते दिवाळीनंतर वारले. नाथाजी मला म्याडम म्हणतात आणि सकाळी खरोखर सलाम ठोकतात.

एक गंमत. सोमवारी पहिल्यांदा शेड बघायला आले तेव्हा माझा रिकामा डबा टेबलावर विसरला. आज उघडला तर आत बुरशी. नाथाजींना म्हटलं, अहो, निदान पाणी तरी घालून ठेवायचं. ते म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू उगडायची न्हाई म्याडम. पलटणीत शिकलोय." मी हसले. माझं नेमकं उलट आहे, मिटलेलं काही दिसलं की माझा हात शिवशिवतो.

२७ डिसेंबर, शुक्रवार

नऊ तुकडे. नऊही भंगारात.

सकाळी नदीकडून धुकं येतं आणि मिठाला पाणी सुटतं. कितीही दळा, चाळा, त्याच्या गुठळ्या होतात. गुठळी असली की करंट वाट सापडेल तिथूनच धावतो, तुकडा एका बाजूला जळतो आणि दुसऱ्या बाजूला कच्चा राहतो. दोन तुकडे धुताना हातातच फुटले. वर व्होल्टेज पडतं. साडेदहाला शेजारचा लेथवाला मशीन चालू करतो की आमची ट्रिप होते. त्याला जाऊन सांगितलं तर म्हणाला, ताई, तुम्ही दुपारी करा की.

सरांना फोन केला. सर म्हणाले, प्रयोग म्हटला की असं व्हायचंच. हे वाक्य ते इतकं शांतपणे म्हणतात की फोन भिंतीवर फेकावासा वाटतो.

४ जानेवारी, शनिवार

एकोणीस. आज साचाच तडकला. मीठ तव्यावर भाजून बघितलं, बल्बखाली ठेवून बघितलं, शेवटी सुहासिनीबाईंच्या ओव्हनमध्ये ठेवलं, त्यावरून बोलणी खाल्ली.

सगळ्यात राग येतो तो नाथाजींच्या एका वाक्याचा. तुकडा फुटला की ते तो तळहातावर घेतात, बघतात आणि म्हणतात, "आप्पाच्या हातचा तुकडा कदी फुटला न्हाई." तेच मीठ, तीच मशीन, तेच धुकं. मग आप्पासो करत काय होते? नाथाजी म्हणतात, त्यांनी कधी विचारलं नाही. भावाला एवढंही विचारलं नाही! वहीत काही लिहून ठेवलंय का? लिहिलं असेल, पण त्यांची वही उघडून बघायला ती काय आपली आहे, असं उत्तर. मी वही मागून घेतली. आत तारखा आणि सरळ रेघा, बाकी काही नाही.

११ जानेवारी, शनिवार

सव्वीस तुकडे, त्यात धड एकही नाही. सोमवारपासून नाथाजी चार दिवस रजेवर, औंधला यमाईची यात्रा. सर पुण्याला मुलीकडे. म्हणजे शेडमध्ये मी, धुकं आणि लेथवाला.

निदान कपाट तरी आवरते. पावडरीच्या कपाटात दहा वर्षांचा पसारा आहे, अर्ध्या बरण्यांवर चिठ्ठ्या नाहीत. नाथाजींच्या देखत आवरायला घेतलं तर ते मागे हात बांधून बघत उभे राहतात, त्यानेच माझं डोकं उठतं.

१३ जानेवारी, सोमवार

सापडलं! आप्पासोंचं गुपित सापडलं!

कपाटाच्या अगदी वरच्या खणात, कोपऱ्यात, पावडरीचाच एक स्टीलचा डबा होता. तोंडाला चाळणीचं कापड घट्ट बांधलेलं. आत पांढुरके करडे खडे आणि चुरा, खडूच्या तुकड्यांसारखा, हलका, ठणठणीत कोरडा. सगळं कपाट ओलसर आणि हा एक डबा कोरडा. चिमूटभर पाण्यात टाकलं, विरघळलं नाही. सौम्य आम्लात टाकलं, फेस येऊन विरघळलं. वजन २७१ ग्रॅम. चोवीस तुकड्यांना बरोबर पुरेल एवढं!

म्हणजे हे बुवा मीठ वापरतच नव्हते. गपचूप हे काहीतरी भाजून ठेवलेलं घालायचे आणि सगळ्यांना मिठाचं कौतुक सांगायचे. मला राग यायला हवा होता, पण मी एकटीच मोठ्याने हसले. दुपारी दोन तास दळणीत दळलं, मग चाळलं. जे चाळणीवर राहिलं ते परत दळलं. उद्या साच्यात.

१५ जानेवारी, बुधवार

चोवीस तुकडे. चोवीसही अखंड. आम्लात धुतल्यावर एकसारखे, ११.३ ग्रॅम, साठ टक्के पोकळ. भिंगाखाली छिद्रं अशी नाजूक आणि एकमेकांना जोडलेली की बघत राहावं. पाण्यात धरून खालून हवा सोडली तर बुडबुडे सगळीकडून सारखे येतात. जरा थांबतात, परत येतात. हवेचा पंप जुना आहे, दम घेतो.

कुणालाच फोन केला नाही. आधी दोघे परत येऊ देत, मग टेबलावरचं कापड उचलून दाखवीन. रिकामा डबा धुऊन त्यात नट आवळायचे पाने ठेवले आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मला मी हुशार वाटते आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

नाथाजी आज आले. देवीचा प्रसाद दिला. आवरलेलं कपाट बघितलं आणि वरच्या खणात हात फिरवला. मग विचारलं, वरच्या कोपऱ्यात कापड बांधलेला डबा होता, तो कुठे आहे. मी हसून म्हटलं, तोच ना, त्यात आप्पासोंचं काय होतं हो?

ते म्हणाले, "आप्पाच हाय म्याडम त्यात."

मग सगळं सांगितलं. आप्पासोंचा मुलगा जयराज फौजेत, सीमेवर. बाप गेला तेव्हा रजा मिळाली नाही. दहाव्याचं सगळं नाथाजींनी केलं, पण अस्थी पोराच्याच हातून सोडायच्या असं आप्पासो सांगून गेले होते. अस्थी घरात नेत नाहीत, आणि नाथाजी राहतात ती खोली भाड्याची. म्हणून सरांना विचारून इथे, आप्पासोंच्याच कपाटात, आप्पासोंच्याच डब्यात. मला सांगितलं नाही. पोरीची जात, एकटी काम करते, उगाच घाबरेल. आणि दुसऱ्याच्या कपाटाचा वरचा खण कोण उघडतंय.

मी वाईची आहे. घाटावर माझं बालपण गेलं. पण सावडायला बायकांना नेत नाहीत. बाबा गेले तेव्हा चुलतभाऊ तांब्या घेऊन पाण्यात उतरला, आम्ही बायका वरच्या पायरीवर. आत काय असतं, कसं दिसतं, मला कुणी दाखवलंच नाही. कुणीच नाही!

मी काय बोलले? म्हटलं, डबा माझ्या कपाटात आहे, कुलपात, नीट. तोंडातून निघून गेलं. नाथाजींनी दोन्ही हात जोडले.

१८ जानेवारी, शनिवार

सांगायला सकाळी लवकर गेले होते. ते माझ्या आधीच आले होते, माझ्या कुलूपबंद कपाटासमोर उदबत्ती लावून. जयराजची रजा मंजूर झाली आहे. म्हणाले, आता आप्पाची सुटका हुईल.

नाही सांगता आलं. दुपारी बाजारातून दोन पाकिटं रांगोळी आणली. सरांच्या फळ्याचे खडू मोडून गॅसवर भाजले. उदबत्तीची राख मिसळली. डब्यातले पाने काढले. कापड तसंच बांधलं.

सरांना फोनवर सांगितलं की या आठवड्यातलेही तुकडे फुटले. सर म्हणाले, प्रयोग म्हटला की असं व्हायचंच. आणि कापडाखाली ते चोवीस, जगात कुणाला दाखवावे असे, आणि दाखवायचे कुणाला? मला माझी इतकी चीड आली आहे की जेवण गेलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

अस्थी सोडायला संगमावर, माहुलीला जाऊन आले. जाणार नव्हते. पण नाथाजी म्हणाले, तुम्ही डबा सांभाळलात, तुम्ही पाहिजेच.

एसटीत ते डबा मांडीवर घेऊन बसले. तीन तास खाली टेकवला नाही, मला घेऊ दिला नाही. एकेक थांबा आला की वाकून हळूच डब्याला सांगायचे. आप्पा, इस्लामपूर आलं बरं का. आप्पा, ह्यो कऱ्हाडचा पूल. चुकू नको, माज्यासंगं ये. मी खिडकीबाहेर ऊस बघत होते. रांगोळीला वाट सांगत होता तो माणूस.

जयराज साताऱ्याला स्टँडवर भेटला. नाकाडोळ्यांनी म्हणे वडलांसारखा. संगमावर कमरेएवढ्या पाण्यात उतरला, कापड सोडलं, डबा रिता केला. पाणी पांढरं झालं आणि पुढे गेलं. नाथाजी इतकंच म्हणाले की लयच बारीक झालं व्हतं. नंतर काठावर येऊन ते माझ्या पाया पडायला वाकले. माझ्या! मी मागे सरले तेव्हा म्हणाले, "तुमी माजा भाऊ सांबाळला."

परत निघताना नाथाजी तिकिटाच्या रांगेत असताना मी पर्समधला तुकडा काढून जयराजच्या हातात दिला. म्हटलं, तुमच्या वडलांच्या मशीनवर झालेला आहे, आठवण म्हणून ठेवा, कुणाला दाखवू नका, सरांची परवानगी घेतलेली नाही. निदान एवढा तरी बाप त्याच्याजवळ राहू दे, असं वाटलं. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला. उद्या तो वर ड्युटीवर जातो आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तराजू बिघडला आहे. उरलेल्या तेवीस तुकड्यांपैकी प्रत्येक ११.९ दाखवतो. वजनमापं लावून तपासलं, तराजू ठीक आहे. तुकड्यांना ओल लागली असेल म्हणून दोन तास तापवले. ११.९.

भिंगाखाली छिद्रांच्या कडेला पांढरी साय धरल्यासारखी दिसते आहे. धुण्यात काही राहिलं असणार. एकसुद्धा गोष्ट धड होत नाही. वर उजवं मनगट दुखतं आहे, दळणीचं झाकण आवळून आवळून.

११ फेब्रुवारी

१४.२. सगळे. धुतले, घासले, परत तापवले. उपयोग नाही.

संध्याकाळी सुहासिनीबाईंनी शेंगदाण्याची चिक्की दिली, तर दाढेचा तुकडा पडला. दाताचा डॉक्टर म्हणाला, ताई, कॅल्शियम घ्या. तुटलेला तुकडा घरी आणून भिंगाखाली धरला. आत सगळी छिद्रं. नाजूक, एकमेकांना जोडलेली.

ही छिद्रं मी ओळखते. माझ्याच हातची आहेत.

१५ फेब्रुवारी

तुकडे खोलीवर आणले. घरात आणत नाहीत हे आता मला माहीत आहे. तरी आणले. शेडमध्ये नाथाजी रोज माझ्या रिकाम्या कपाटाला हात जोडतात, ते बघवत नाही.

आज ठरवलं की पुरे. सातव्या नंबरचा तुकडा आम्लात टाकला. फेस आला, पांढरं विरघळायला लागलं, बरं वाटलं. आणि डाव्या हाताची करंगळी — दुखली नाही — नुसती वाकली. मागच्या बाजूला. आत काही नसल्यासारखी. तुकडा झटकन बाहेर काढला, नळाखाली धरला. करंगळी तशीच आहे. लोंबते.

त्या तुकड्यांमध्ये वाढतंय ते माझं आहे. त्यांच्यात विरघळवलं की माझ्यात विरघळतं. छिद्रं असली की जिवंत हाड शिरून वाढतं — एवढंच तर करायचं होतं. झालं. प्रयोग यशस्वी.

१९ फेब्रुवारी

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि विचारलं, आईंचा आहे का? माझाच आहे म्हटल्यावर परत काढायला लावला. परत तोच. म्हणाले, सत्ताविसाव्या वर्षी असं हाड बघितलं नाही, चाळणी झाली आहे, पुण्याला जा. मी विचारलं, अंदाजे किती टक्के पोकळ? त्यांनी पुण्याच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

आईला सांगितलं, सर्दी आहे.

२१ फेब्रुवारी

हिशेब केला. रोज तोच करते. तेवीस तुकड्यांनी मिळून २६० ग्रॅम घेतले. जयराजकडचा एक धरला तर २७१.

२७१ म्हणजे डब्यात होतं तेवढं. बरोबर तेवढं. जेवढं घेतलं तेवढं भरून दिलं — आता थांबेल. फिटलं. थांबायलाच पाहिजे —

२२ फेब्रुवारी

२८८.

२३ फेब्रुवारी

आता छिद्रांत मावत नाही. तुकड्यांच्या बाहेर येतंय — पांढरं — एका तुकड्यातून शेजारच्याला जाऊन चिकटतंय. मी सुटे करून ठेवते, सकाळी परत जवळ सरकलेले. जोडतायत काहीतरी. लांबट. एका टोकाला जागा मोकळी ठेवली आहे. एका तुकड्याची.

तो तुकडा हवा. सगळे चोवीस घेऊन माहुलीला जायला हवं. तेवीस नेऊन भागणार नाही, एवढं त्या तुकड्यांनीच जागा सोडून सांगितलं.

जयराजला फोन — लागत नाही. लागत नाही. लागत नाही.

२४ फेब्रुवारी

नाथाजींना फोन करून विचारलं, जयराज कुठे. म्हणाले, तो वर बर्फात आहे, आता एप्रिलमध्ये खाली येईल, तोवर फोन नाही. काय काम होतं?

आत्ता सांगायचं होतं. मी म्हटलं, काही नाही, सहज. त्यांनी आशीर्वाद दिला. तुमचं कल्याण हुईल म्हणाले.

सहज! मी मूर्ख आहे. मूर्ख. डबा उघडताना विचारलं नाही आणि आता सांगत नाही —

२६

शिंकले. बरगडी गेली. दोन.

चिठ्ठी लिहायची. जयराजच्या पलटणीला पत्र — कुठल्या पत्त्यावर — नाथाजींकडे असेल — विचारलं तर ते विचारतील कशाला —

किती वेळा हेच. सांगायला एक वाक्य लागतं. एकच.

२७

नाथाजी आले होते. दुपारी. भाकरी आणि दूध घेऊन. सांगायला तोंड उघडलं आणि जबडा — खट् आवाज — आता बंदही होत नाही, बोलताही येत नाही. आता तयार झाले तर आता येत नाही.

पलंगाशी ही वही उघडी होती. खूण केली, वाचा, वाचा. त्यांनी वही मिटली. उशाशी नीट ठेवली. मान हलवली. दुसऱ्याची वस्तू.

रडले. ते म्हणाले, रडू नका म्याडम.

२८

शेवटचं पान वेगळं लिहिते. त्यांच्या नावाने. वर त्यांचं नाव असलं तर ते त्यांचं. तेवढंच वाचतील. उजवं मनगट गेलं, डाव्याने लिहिते. सुहासिनीबाईंना खुणेने सांगितलं आहे, फाडून द्या.

नाथाजीकाका —

माहुलीला सोडलं ती रांगोळी होती. आणि खडू. आप्पासोंना मी दळलं. ते चुकून. पुढचं सगळं चुकून नव्हे.

आप्पासो पलंगाखाली आहेत. तेवीस तुकडे. मोजून घ्या. त्यात आता माझंही आहे, वेगळं करू नका, तसंच न्या. जाताना वाट सांगा. त्यांनाही. मलाही.

पण तेवीस नेऊन उपयोग नाही. एक कमी आहे. तो नसेल तर हे थांबत नाही — माझ्यानंतर ज्याच्या घरात असेल त्याचं — म्हणून आधी तो आणा. तो कुठे आहे हे मला एकटीला माहीत आहे. चोविसावा तुकडा मी त्या दिवशी —